केवडीच्या उतारावरचा नवा ब्रेक

केवडीच्या डोंगरांत सायकलने जाऊन आलो म्हटलं की बडोद्यातले लोक आधी रस्ता कसा आहे ते विचारतात, मग खायला काय मिळतं ते. दोन्ही सांगतो. पण आम्ही दोघं गेलो सायकलींवर आणि आलो जीपमधून. विलास शिर्के खाटेला बांधलेला, आणि मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसलेला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. शेवटासाठी राखून ठेवावी अशी ही गोष्ट नाही.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, माझे कचेरीत कारकून. आता त्याच्याकडे घोडा नाही आणि माझ्याकडे कचेरी नाही. मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. तो नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होता. चारेक वर्षांपूर्वी पाइप बदलताना त्याच्या छातीत गॅस गेला. तेव्हापासून खोकला लागला तो लागलाच. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत जात जा. म्हणून रविवारी सकाळी आम्ही सिंधरोटकडे, महीच्या कोतरांत सायकली घेऊन जाऊ लागलो. नदीने मातीत कापलेल्या त्या घळी. एकीत उतरायचं, दुसरीतून चढायचं. महिन्याभरात विलासला त्याचं वेडच लागलं.

वेड सायकलीचं कमी, सायकलीला लागणाऱ्या वस्तूंचं जास्त. सयाजीगंजात होस्टेलांच्या समोर इंटरनेटची दुकानं निघाली होती. तिथे तासभर बसून तो डोंगरी सायकलींची चित्रं पाहायचा आणि रंगीत पानं छापून आणायचा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात हवा भरायची सोय, बुटाला अडकणारी पायडलं, पाठीवरची पाण्याची पिशवी आणि तिची तोंडापर्यंत येणारी नळी. आणि चकतीचा ब्रेक. त्या ब्रेकचं पान त्याने घडी करून खिशात ठेवलं होतं. रबराचे गुटके रिमला घासतात ते ओल्या मातीत निकामी होतात. हा ब्रेक चाकाच्या मध्यावरची पोलादी चकती धरतो, आणि तीही तेलाच्या दाबाने, एका बोटाने. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते पाठ झालं.

परदेशी माल आता येऊ लागला होता, तरी बडोद्यात असली वस्तू मिळत नव्हती. विलासच्या बायकोचा, सुलभावहिनींचा, भाऊ सिंगापूरला होता. दिवाळीत तो आला तेव्हा पायडलं, त्यांचे बूट, पाण्याची पिशवी आणि पुढच्या चाकाचा चकतीचा ब्रेक घेऊन आला. विलासने डबा उघडला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने हात धुऊन, पुसून मग ब्रेकला हात लावला.

अडचण एकच होती. आमच्या सायकलींच्या चिमट्याला तो ब्रेक बसवायला जागाच नव्हती. त्यासाठी मध्ये एक ब्रॅकेट हवं होतं. मी त्याचं ड्रॉइंग केलं. इंग्रजी एल अक्षरासारखा ॲल्युमिनियमचा जाड तुकडा, एका बाजूने चिमट्याला आवळलेला, दुसऱ्या बाजूला ब्रेक. आतल्या कोपऱ्याला मी नीट गोलाई दाखवली होती. विलासने कारखान्याच्या भंगारातली एक पट्टी आणली आणि घराच्या गॅलरीत करवतीने, कानशीने तो तुकडा घडवला. कोतरांत तीन रविवार तो चालवून पाहिला. काही झालं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी त्याच्या दारात मी हवा तपासायला खाली वाकलो आणि ते ब्रॅकेट पहिल्यांदा उजेडात, जवळून पाहिलं. कोपऱ्याला गोलाई नव्हती. करवतीचे दोन काप काटकोनात मिळाले होते, आणि त्यातला एक काप केसभर पुढे गेला होता. अशा कोपऱ्यातून चीर निघते. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलने मी रोज हेच लिहितो, त्याचाच मला पगार मिळतो. पण वहिनी दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या, विलासने दोन महिने खटपट करून चार दिवसांची रजा मिळवली होती, आणि तो हसत होता. मी उठलो, हात झटकले आणि म्हणालो, "चल, बरोबर आहे."

डभोई, बोडेली

डिसेंबरअखेर बडोद्याबाहेरचा रस्ता सुखाचा असतो. दोन्ही बाजूंना तूर आणि कापूस, सकाळचं धुकं, उसाच्या गाड्या. डभोईला दहाच्या सुमारास पोचलो. किल्ल्याच्या कोरीव वेशीपाशी एक म्हातारा सायकलवाला टपरी मांडून बसला होता. विलासने मुद्दाम तिथे हवा भरायचं निमित्त काढलं. म्हाताऱ्याने चकती पाहिली, ही मोटारसायकलची का, असं विचारलं. विलासने त्याला सगळं समजावलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की वाटेत मोडलं तर ह्याचं सामान कुठे मिळणार. विलास म्हणाला, हे मोडत नाही. म्हाताऱ्याने हवेचे पैसे घेतले नाहीत.

डभोईत फाफडा आणि तळलेल्या मिरच्या खाल्ल्या. छोट्या रेल्वेगाडीचे रूळ ओलांडून बोडेलीचा रस्ता धरला आणि संध्याकाळी तिथल्या धर्मशाळेत उतरलो. गाव कापसाचं, हवेतसुद्धा कापूस तरंगतो. रात्रीच्या जेवणाला खिचडी-कढी होती. आम्ही आमटीत गूळ घालणारी माणसं, तरी त्या कढीतली साखर मला सोसली नाही. विलास दोन वाट्या प्यायला.

जेवताना तो पहिल्यांदाच म्हणाला की त्याला नंदेसरी सोडायची आहे. कारखान्यात मुदतीआधी निवृत्ती देत होते. त्या पैशांत रेसकोर्सकडे एक गाळा घेऊन असल्याच सायकलींचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. ब्रेक, पायडलं, दिवे, हेल्मेट, सगळं मागवायचं आणि बसवूनही द्यायचं. आपल्या चिमट्यांना बसतील अशी ब्रॅकेटं आपणच करू, म्हणाला. तू ड्रॉइंग कर, मी बनवतो. त्या दिवशी तो दिवसभर खोकला नव्हता. हे त्याच्याही ध्यानात आलं होतं, पण दृष्ट लागेल म्हणून आम्ही दोघंही ते बोललो नाही.

मला तेव्हाही सांगता आलं असतं. धर्मशाळेच्या शेजारीच लोहाराचं दुकान होतं. गोल कानशीचं दहा मिनिटांचं काम.

छोटा उदेपूरच्या पुढे

छोटा उदेपूरच्या अलीकडे जमीन बदलते. ओरसंगचं रुंद वाळूचं पात्र, आणि मग एकदम पांढरा प्रदेश. डोलोमाइटचा दगड फोडून त्याची पूड करायचे कारखाने रस्त्याला लागून आहेत. झाडं पांढरी, म्हशी पांढऱ्या, कामावरून परतणाऱ्या बायकांच्या पापण्याही पांढऱ्या. विलासचा खोकला परत आला. तोंडाला रुमाल बांधून तो मान खाली घालून पायडल मारत राहिला. ह्यांच्या छातीचं काय होत असेल, असं तो एका बाईकडे पाहून म्हणाला.

गावामागे डोंगर सुरू झाले तशी हवा निवळली. मोह, साग, ताड. वस्ती राठवा लोकांची, घरं एकमेकांपासून लांब, आपापल्या शेतात. केवडीच्या बाजूला एका टेकडीच्या पायथ्याशी पाणी मागायला थांबलो तर घरधनी शनाभाईंनी रात्री इथेच राहा म्हणून सांगितलं. अनोळखी माणसाला असं ठेवून घेणं आमच्याकडे आता होत नाही. आम्ही आधी कुणाचे कोण ते विचारतो. त्यांनी नाव विचारलं ते जेवण झाल्यावर.

मक्याचे जाड रोटले, उडदाची डाळ आणि लसणीची चटणी. ओसरीच्या भिंतीवर घोडेच घोडे रंगवलेले होते. नवस फेडताना देवासाठी काढतात, असं शनाभाईंनी सांगितलं. विलास त्या घोड्यांपुढे बराच वेळ उभा राहिला.

दाराशी एका खाटेवर शनाभाईंचे थोरले भाऊ पडून होते, दलसुखभाई. पन्नाशीचे असतील. अकरा वर्षांपूर्वी ताडी काढताना ताडावरून पडले, तेव्हापासून कमरेखाली काही नाही. खांद्यापासून हात मात्र पैलवानासारखे. पडल्या पडल्या ते दोर वळायचे, घरातल्या सगळ्या खाटा त्यांच्या हातच्या. त्यांनी सायकलकडे बोट केलं तेव्हा विलासने ती उचलून त्यांच्या खाटेशी नेली, चाक फिरवलं आणि ब्रेकचा दांडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी एका बोटाने तो दाबला. फिरणारं चाक जागच्या जागी थांबलं. ते हसले आणि पुन्हा फिरवा म्हणाले. चार-पाच वेळा तो खेळ झाला.

उतार

सकाळी शनाभाईंच्या घरामागच्या टेकडीवर आम्ही सायकली ढकलत नेल्या. वरून घरापर्यंत गुरांची वाट होती, मुरमाड, मध्ये दोन तीव्र वळणं. विलास पुढे, मी मागे. पहिल्यांदा उतरलो ते छान उतरलो. माझे रबरी गुटके किंचाळत होते, त्याचा ब्रेक नुसता सुर्र असा आवाज करायचा. खाली पोचून तो मागे वळला. चेहरा घामाने आणि आनंदाने लाल झाला होता. "मोहन, अजून एकदा," म्हणाला. "मग छोटा उदेपूरला जाऊन जेवू."

दुसऱ्या खेपेला पहिल्या वळणापर्यंत मी त्याच्या पाठोपाठ होतो. वळणाआधी त्याने पुढचा ब्रेक दाबला. तडक असा कोरडा आवाज झाला, वाळलेली फांदी मोडावी तसा. ब्रॅकेट तुटून ब्रेक चाकाच्या आऱ्यांत गेला आणि चाक जागीच अडकलं. सायकल त्याच्यासकट पुढे उलटली. बूट पायडलांना अडकलेले होते, ते सुटलेच नाहीत. तो आणि सायकल एकत्रच खालच्या खडकावर पाठीवर आपटले.

मी धावलो. तो शुद्धीवर होता. आकाशाकडे पाहत म्हणाला, "पायातून बूट काढ रे, जड झालेत." मी बूट काढले. काढून त्याच्या छातीशी आणून दाखवले. तो म्हणाला, "अजून काढले नाहीस?"

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवणार, तेवढ्यात खालून शनाभाईंचा आवाज आला, "अडशो नहीं." हात लावू नका. ते पळत वर आले, विलासच्या पायांशी बसले आणि अंगठा हलवायला सांगितलं. मग तळव्याला काट्याने टोचलं. विलास त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला, त्याला टोचल्याचं कळलंच नव्हतं. शनाभाईंनी काटा टाकून दिला आणि कुणाला तरी हाक मारली. त्या भागात दर वर्षी कुणीतरी ताडावरून पडतं. काय झालं ते त्यांना माझ्या आधी समजलं होतं.

चार माणसं खाट घेऊन आली. ती दलसुखभाईंची होती. घरात तेवढीच एक सपाट, घट्ट विणलेली खाट होती, आणि दलसुखभाईंनी स्वतःच सांगितलं की मला खाली चटईवर ठेवा आणि ही न्या. विलासला सरळ धरून, जराही न वाकवता, त्यांनी खाटेवर सरकवलं, दोराने बांधलं आणि शेतांतून रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं. नुसती अनवाणी पावलं वाजत होती. जीपवाल्याने मागची बाकं काढून जागा केली. छोटा उदेपूरच्या डॉक्टरांनी पाहून इंजेक्शन दिलं आणि लगेच बडोद्याला न्यायला सांगितलं. वाटेत ते पांढरे कारखाने पुन्हा लागले. विलास खोकू लागला आणि प्रत्येक खोकल्याला त्याचं डोकं माझ्या हातांत हादरत होतं. डभोईजवळ त्याने विचारलं, "सुलभाला काय सांगणार?" मग स्वतःच म्हणाला, "दगड आला म्हणून सांग."

परत

पाठीचा कणा मोडला होता. ऑपरेशन झालं, पाय परत आले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विलास दगडाची गोष्ट सांगायचा. मी शेजारच्या स्टुलावर बसून मान हलवायचो. वहिनी एकदा मला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बरोबर होतात म्हणून आज हे आहेत तरी." त्यानंतर मी हॉस्पिटलात जायचं कमी केलं. आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा, ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून.

दोन महिन्यांनी मी टेम्पो करून केवडीला गेलो. खाट परत करायची होती, सायकली आणायच्या होत्या. शनाभाईंनी सायकली गोठ्यात जपून ठेवल्या होत्या. विलासची सायकल उलटी करून पाहिली. ब्रॅकेटचा अर्धा तुकडा अजून चिमट्याला आवळलेला होता. तुटलेल्या जागी कोपऱ्यालगत धातू काळवंडलेला होता, पुढे चकचकीत. म्हणजे चीर आधीच निघाली होती, कदाचित कोतरांतच.

दलसुखभाई आपल्या खाटेवर परत आले. त्यांनी विलासची चौकशी केली आणि मी सांगितलं ते ऐकून घेतलं. रात्री कुशीवर वळवतात का, पाठीला जखमा होतात, ते जरूर विचारा, म्हणाले. मग कसं कोण जाणे, मी त्यांना ब्रॅकेटचं सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत, तो तुकडा हातात धरून. मला दिसलं होतं आणि मी बोललो नाही, एवढं सांगितलं.

ते बराच वेळ दोर वळत राहिले. मग म्हणाले की ते पडले त्या दिवशी कमरेचा पट्टा त्यांच्या मेव्हण्याने बांधला होता. पट्टा जुना होता, हे त्या दोघांनाही माहीत होतं. पडल्यानंतर मेव्हणा दोनदा आला आणि मग आलाच नाही. आता तो पलीकडच्या गावात राहतो, लग्नकार्यातसुद्धा येत नाही.

"तुमचा राग आहे त्याच्यावर?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "पण तो पट्ट्याचा नाही. अकरा वर्षं मी इथे पडलोय आणि तो आला नाही, त्याचा आहे."

बडोद्याला पोचलो तसा तडक विलासच्या घरी गेलो. त्याला घरी आणलं होतं. तो पलंगावर होता, वहिनी शेजारी बसून त्याला पेज भरवत होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो. दगड नव्हता, ब्रॅकेट तुटलं. कोपऱ्यात गोलाई नव्हती आणि करवतीचा काप पुढे गेला होता, तो मी निघायच्या सकाळी ह्याच दारात पाहिला आणि चल म्हणालो. नंतर दोन दिवसांत सांगायला हवी तेवढी सवड होती, तरी सांगितलं नाही.

विलास छताकडे पाहत होता. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "करवत पुढे गेली ती माझ्याच हातून. दुसरी पट्टी नव्हती. तू पाहत होतास तेव्हा वाटलं, आता हा थांबवणार. तू बरोबर आहे म्हणालास आणि मी सुटलो. मला जायचं होतं रे."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रडल्या नाहीत आणि आवाजही चढवला नाही. उठून आत गेल्या. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू होता. मी जावं की थांबावं ते मला कळेना. विलासने डोळे मिटून घेतले होते.

पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.

"दोघांनाही माहीत होतं, आणि मी दही घेऊन उभी होते," त्या म्हणाल्या. त्यांनी पलंगावरची चादर सरळ केली. "ह्यांना सकाळी सहाला कुशीवर वळवायचं असतं. मग पाठ पुसायची, पावडर लावायची, पुन्हा वळवायचं. मला एकटीला पेलत नाही. उद्यापासून तुम्ही यायचं, भावजी. रोज."

मी हो म्हणालो.

"आजारी पडलात तरी," त्या म्हणाल्या.

त्याला आता आठ महिने झाले. माफ केलं असं वहिनी म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. सहाला मी जातो. त्या कमरेशी धरतात, मी खांद्याशी, विलास एक-दोन-तीन मोजतो, आणि तीनला आम्ही त्याला वळवतो.